अंगठीच्या गड्यांचं साल

मेलेला माणूस दमतो का?

हे मी शाळेच्या मास्तरांना विचारलं, आईला विचारलं, एकदा तर मोटेच्या बैलालाही विचारलं. मगनआबांच्या मळ्यात आम्ही चौघे सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारे गडी. माझा थोरला भाऊ सुपडू, गावातला दगा, धडगावच्या डोंगरातून आलेला वेस्ता आणि मी. दुपारच्या भाकरीनंतर विहिरीजवळच्या निंबाखाली सुपडूभाऊ पुस्तक वाचायचा आणि आम्ही प्रश्न विचारायचो. उत्तरं कधी मिळाली नाहीत, किस्से मात्र साचत गेले. भाऊ गेल्यापासून ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय घास उतरत नाही.

पुस्तक त्याने सारंगखेड्याच्या जत्रेतून आणलं होतं. पुठ्ठा फाटलेला, म्हणून नाव माहीत नाही. त्यात एक राजपुत्र. त्याच्याकडे जादूची अंगठी. ती बोटात फिरवली की मसणातले मेलेले लोक उठायचे आणि त्याची चाकरी करायचे. नांगर धरायचे, वाडा बांधायचे, पालखी उचलायचे. आम्ही पुढचं काही विचारलं की भाऊचं एकच उत्तर, "पुढे येई."

* * *

दगाला अंगठीचाच ध्यास. एक दिवस त्याने मोटेच्या दोराची लोखंडी कडी बोटात घातली, फिरवली आणि केळीच्या बागेकडे तोंड करून हुकूम सोडला, की मी आता झोपतो, पाण्याची बारी तुम्ही धरा!

आणि खरंच बांधापलीकडे फावड्याचा आवाज यायला लागला. आम्ही उठून पाहिलं. मगनआबा! पाणी फुटून वाहताना पाहून मालक स्वतःच पाटाचं दार वळवायला वाकले होते.

"चालनी ना अंगठी!" दगा हळूच म्हणाला.

आबांनी मग त्याला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. कडी बोटात अडकली ती अडकलीच. संध्याकाळी आईने गोडंतेल लावून काढली, तोवर दगा एका हाताने वैरण टाकत होता.

* * *

वेस्ताला अंगठीचं काही नव्हतं. त्याला त्या गड्यांचं पडलेलं. ते काय खातात? भाऊ म्हणाला, काहीच नाही. झोपतात कधी? झोपत नाहीत. बाजाराला तरी जातात? तेही नाही.

वेस्ताने तंबाखू थुंकली. "हाई पुस्तक खोटं शे. आम्हनाकडे मरेल माणूस पहिले पेस, मंग आम्ही. त्याले कोनी काम सांगस नही."

त्यांच्याकडे मोहाच्या दारूचे पहिले थेंब पूर्वजांसाठी जमिनीवर सोडतात. एवढं सांगून तो उठून गेला. दुसऱ्या दिवशी मात्र सगळ्यांच्या आधी निंबाखाली येऊन बसला होता. म्हणे खोटं किती खोटं आहे ते पाहायचंय!

* * *

हेच पान मगनआबांच्या कानावर गेलं. आबा खाटेवर टेकले आणि त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. न खाणारे, न झोपणारे, बाजाराचा दिवस न मागणारे गडी! आबांचा चेहरा असा झाला, जसा आमचा आंब्याचा रस पाहून होतो.

"असा दोन गडी माले भेटनात तं बरं व्हई, सुपडू."

भाऊने मान वर केली नाही. "आबा, त्या गडी पहिले मालकनी अंगठी काढी लेतस. पुढला पानवर शे."

असं कुठल्याच पानावर नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी आबा मळ्यात आले ते रिकाम्या बोटाने. सोन्याची अंगठी घरी ठेवून!

* * *

माघात भाऊला मुदतीचा ताप आला. उतरला नाही. पुस्तकात त्याने खूण म्हणून ठेवलेली निंबाची काडी तशीच राहिली.

तेरावा झाल्यावर मी कामावर गेलो. दुपारी दगा आणि वेस्ता निंबाखाली नुसते बसलेले. वाच म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत. माझं डोकं फिरलं. पुस्तक उचललं आणि पाण्याच्या पाटात फेकलं.

वेस्ता धोतरासकट पाटात उतरला. एकेक पान सोडवून केळीच्या पानांवर वाळत घातलं. त्या वर्षी तो डोंगरातल्या काठी गावच्या होळीलाही गेला नाही. पुस्तक संपल्याशिवाय डोंगर चढणार नाही म्हणाला.

मग वाचायला मीच. माझी शाळा दुसरीपर्यंत. राजपुत्राचा घोडा नदीत उतरला तो दुसऱ्या काठाला लागेपर्यंत आठवडा गेला.

"हाऊ घोडा मन्हा बैलपेक्षा मंद शे," दगा म्हणाला. भाऊ गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसलो.

* * *

शेवटी राजपुत्राने अंगठी नदीत टाकली, राजकन्येशी लग्न केलं, लाडूच्या पंगती उठल्या. पुस्तक संपलं.

आणि गडी? आम्ही पानं उलटी चाळली, चिकटलेली सोडवली. एक अक्षर नाही. अंगठी गेली, मग त्यांना थांबा म्हणणारं कोण?

"त्यासनं साल कव्हय सरस?" वेस्ताने विचारलं.

आमचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सरतं. त्या दिवशी मालकाचा आमच्यावर हक्क उरत नाही. राहायचं तर नवा बोल, नाहीतर आपली वाट धरायची. त्यांचं काय? मला भाकर गोड लागेना. मी पुस्तक मास्तरांकडे नेलं. त्यांनी शेवटचं पान वाचलं, शेवट गोड आहे म्हणाले.

"लाडू राजपुत्रनी खादात, मास्तर. वाढात कोनी?"

मास्तरांनी चष्मा पुसला आणि मुलांना पाढे म्हणायला सांगितले.

* * *

आखाजी आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या मेलेल्यांसाठी मातीची नवी घागर पाण्याने भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, आणि चुलीतल्या निखाऱ्यावर त्यांच्या नावाने घास टाकतात. भाऊची ही पहिलीच घागर. कुंभाराकडे आईने मला पाठवलं होतं. मी दोन घेऊन आलो.

आईने दुसऱ्या घागरीकडे बोट केलं. "हाई कोनी शे रे?"

"भाऊना पुस्तकमधला गड्यासनी."

आई आत गेली, आमच्या खाण्यासाठी ठेवलेलं डांगर आणलं आणि त्या घागरीवर ठेवलं.

भाऊच्या नावाने पुरणपोळीचा घास मी निखाऱ्यावर टाकला. दुसरा घास हातात घेतला तेव्हा नाव आठवेना. पुस्तकात त्यांना नावंच नव्हती. दारात दगा आणि वेस्ता टोप्या काढून उभे होते.

मी घास टाकला आणि मोठ्याने म्हणालो, "ज्या कोनी व्हतीन त्या ऐका. तुमनं साल सरनं. घर जा, भो."