फुंकर न मारणारी राखवाली

माझी बायको कशावरही फुंकर मारत नसे. चहा कितीही कढत असो, बशीत ओतून निवायची वाट पाहत बसे. चुलीची फुंकणी कायम माझ्या हाती. माझी माय चिडवायची, "तुयी बायको राणी हाये का रे?" राणी कसली! पांढरकवड्याच्या सोनारओळीत तिला राखवाली म्हणत. दुकानांतला केर आणि राख झाडून आणायची, धुऊन त्यातलं सोनं काढायचं, हा तिचा धंदा. एका फुंकरीत दिवसाची मेहनत उडून जाते, म्हणून तोंडालाच तशी सवय लागलेली.

छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली आणि गावकी सोडली. मेलेली ढोरं ओढायची नाहीत म्हणजे नाहीत. मग खायचं काय? तेव्हा ओळीतल्या एका म्हातारीकडून ती हे काम शिकली. एक सोनार रोज टोमणा मारी, "राखवालीबाई, माह्या दुकानातलं सोनं तुया घरी चाललं बाप्पा!" ती म्हणे, "दुकानातलं नाही भाऊ, तुमच्या केरातलं. तुमी नीट झाडा, मी येतच नाही."

एकदा नाल्यावर तिच्याजवळ बसलो होतो. काठवटीत राख धुतली की जाड कण तळाशी बसत. वर पाण्यावर काळपट साय आली होती, ती मी सांडायला गेलो तर हातावर चापट बसली.

"अवो, हेबी सोनंच हाये!"

"सोनं कधी तरंगते का वं?"

"मोठं बुडते. पिठाहून बारीक झालं का तरंगते. पिवळंबी राहत नाही. लहान झालं का वस्तूचा सोभावच बदलते."

मी हसलो. चार बुकं न शिकलेला माणूस, मला ते काय समजणार.

ते तरंगतं सोनं धरायला तिनं पारा आणला. पारा राखेत घोळला की बारीक सोनं त्याला चिकटे. मग तो गोळा शेगडीवर तापवायचा. पारा धूर होऊन उडे, सोनं मागे राही. त्या वेळी ती दार-खिडकी लावून घेई. मी जरा दार ढकललं की आतून ओरडे, "लावा! वारा लागला तं सारं उडून जाईन नं!" पारा उडाला म्हणजे गेला, असंच आम्ही दोघंही धरून चाललो होतो.

दोन-तीन वर्षांत तिचे हात थरथरू लागले. हिरड्या सुजल्या, दात हलायला लागले. काठवट हातात ठरेना. यवतमाळच्या डॉक्टरांनी सारं विचारून घेतलं आणि म्हणाले, "दादा, पारा कुठं गेलाच नाही. वाटीत होता तोवर गप होता. डोळ्याला दिसेनासा झाला अन् हिच्या श्वासातून आत शिरला."

ती खाली मान घालून म्हणाली, "म्हणजे त्याचाबी सोभाव बदलला."

काम त्याच दिवशी सोडलं. हात मात्र थांबले नाहीत. तरी सकाळचा चहा मला तिच्याच हातचा मिळाला पाहिजे, असा तिचा हट्ट. माझ्यापर्यंत येईस्तोवर अर्धा सांडे. "उरला तेवढा तुमचा," म्हणे आणि स्वतःच हसे. मी उरला तेवढा पीत होतो. तसा चहा पुन्हा मिळाला नाही.

एका दुपारी ती बाजेवर पडली होती. मी तिचे दोन्ही हात धरून, आंब्याला यंदा मोहर चांगला आला, असं काहीबाही सांगत होतो. सांगता सांगता हातातली थरथर थांबली. मला इतकं बरं वाटलं.

"पाह्य वं," मी म्हटलं, "थांबले तुये हात."

तिनं डोळे उघडले नाहीत.