मामांची फक्कीची रेघ

मामा सकाळचा चहा घ्यायच्या आधी जमिनीवर रेघ मारायचे. खो-खोच्या मैदानावर आखतात तशी, पांढऱ्या फक्कीची. त्यासाठी तळाला भोकं पाडलेला डालड्याचा डबा त्यांनी खास ठेवला होता. अंगणाच्या कोपऱ्यापासून माझ्या गाळ्याच्या शटरपर्यंत डबा हलवत यायचे, वळून रेघ सरळ आली का बघायचे, आणि मगच सुनेला हाक मारायचे, "आन चाय."

मामा अंजूरकडचे जुने जमीनवाले. त्यांच्या भातशेतीवर गोदामं झाली, त्यातला एक गाळा मी घेतला. यंत्रमागांची चिंधी विकत घ्यायची, गाठी बांधून पुढे पाठवायची, हा माझा धंदा. पडघ्याहून आले तेव्हा हीच चिंधी मी दहा वर्षं डोक्यावर वाहिली होती. मामांचं अंगण आणि माझा गाळा यांच्यामध्ये हातभर रुंदीची पट्टी होती. ती माझी असेल तरच टेम्पो दाराला लागणार. मामांची असेल तर गाठी नाक्यापर्यंत डोक्यावर. भांडण एवढंच होतं.

"जागा इकली, वाट न्हाय इकली," हे मामांचं वाक्य. टेम्पोवाल्याला सांगायचे, हमालाला सांगायचे, लाईटचं मीटर बघायला आलेल्यालाही सांगायचे. मीटरवाल्याने काही विचारलेलं नसायचं.

कागदावर हद्द 'चिंचेपर्यंत' अशी होती. चिंच एवढी मोठी की वादाला जागाच नव्हती. गाळ्याचे पत्रे बसवताना ती आड आली, म्हणून कापली. मी उभी होते, मामाही उभे होते. बुंधा उपटून खड्डासुद्धा भरला. लाकडं मामांच्या धाकट्या लेकीच्या हळदीला चुलीत गेली. मी जेवायला होते. मामांनी स्वतः आग्रह करून वाढलं. आम्ही दोघं मिळून आपली हद्द जाळून तिच्यावरचं जेवण जेवलो, हे कळायला महिना गेला.

मग रेघ सुरू झाली. ती रोज बोटभर माझ्याकडे सरकायची. मी ओरडले नाही. मामा दुपारी जेवून आडवे झाले की मी एक गाठ पायाने दोन बोटं तिकडे ढकलायचे.

"बाय, तुझ्या गाठी वाढतान का गो?"

"उन्हानं फुगतात, मामा."

"मंग आमची रेघ पन फुगते."

तरी घरात ताजे बोंबील तळले की थाळी यायचीच. सून रेघेपाशी थांबून हात लांब करायची, मी इकडून घ्यायचे. पाय कुणी टाकायचा नाही.

त्या दिवशी टेम्पो मागे घेताना चाक रेघेवर आलं. मामांनी काठीने काच फोडली. टेम्पोवाला उतरून पळाला.

"काच भरून द्या, मामा."

"पयलं चाक उचल."

चाक मला उचलवणार नव्हतं, म्हणून मी गाठ उचलून रेघेवर आपटली. काठी माझ्या कपाळावर बसली. माझ्या हातात गाठी ओढायचा लोखंडी आकडा होता. तो उलटा धरून मी त्यांच्या मनगटावर मारला. उलटा धरला, हा मी आजही माझा मोठेपणा समजते. मला सात टाके पडले, मामांचं हाड दोन ठिकाणी मोडलं.

पोलीस ठाण्यात आम्हाला एकाच बाकावर बसवलं. मामा म्हणाले, "सरक तिकडं." मी सरकले नाही. हवालदाराने विचारलं, जागा किती आहे. मी हात लांब करून दाखवला. त्याने पेन खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी प्लॅस्टर गळ्यात अडकवून मामांनी डाव्या हाताने रेघ मारली. ती वाकडी होत पट्टी ओलांडून त्यांच्याच अंगणात शिरली. त्यांनी वळून बघितलं. मीही बघितलं. मग ते चहा न मागता आत गेले. मी रेघेपर्यंत गाठी लावून घेतल्या. माझा धंदा आहे तो.

पावसाळ्यात तापाने मामा गेले, केसची पहिली तारीख पडायच्या आठ दिवस आधी. हा राग माझा अजून गेलेला नाही. ज्या माणसाने कपाळ फोडलं, त्याने माफी मागितल्याशिवाय जायला नको होतं. मीही मागितली नव्हती, पण पहिला वार त्यांचा होता.

तेरावं झाल्यावर त्यांचा मुलगा आला. "मावशी, ती पट्टी तुम्हीच ठेवा. कागद करून देतो. हातभर जागेचं काय एवढं?"

"कितीला?"

"फुकट हो."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "तुझ्या बापाचं मनगट गेलं तिच्यापायी. फुकट देणारा तू कोण?" त्याला अंगणापर्यंत हाकलला. त्याच दिवशी गाठीही मागे घेतल्या.

टेम्पो अजून नाक्यावरच थांबतो. हमाल कमी पडले की एखादी गाठ मी स्वतः डोक्यावर घेते. पट्टीपाशी आले की पाय आपोआप उंच पडतो. तिथे आता रेघ नाही.