खांबाला बांधलेली गाडी

गिरण्यांच्या संपाच्या दुसऱ्या वर्षी मी लालबागमध्ये शर्यतीची गाडी बनवत होतो हे सांगायची मला आजही लाज वाटते, आणि लाज वाटते याचा रागही येतो. मी कोणाच्या तोंडचा घास काढला नव्हता. हॉटेलात कपबशा विसळत, मग गॅरेजात जमिनीवर झोपत मी काम शिकलो आणि आम्ही भावंडं ज्या चाळीत वाढलो तिच्याच तळमजल्यावर एक गाळा भाड्याने घेतला. वरच्या खोलीत दादा आणि वहिनी राहायची. दादा साचेखात्यात, म्हणजे गिरणीच्या मागांवर कापड विणायला होता. चाळीची मागची भिंत आणि गिरणीची भिंत यांच्यात जेमतेम गटार जाईल एवढी जागा.

गिरणी चालू असताना मागांची थरथर जमिनीतून चाळीत चढायची. फळीवरची ताटं, वाट्या, भांडी सारखी किणकिणत असायची. लहानपणापासून तो आवाज आम्हाला इतका सवयीचा होता की संप झाला आणि तो थांबला तेव्हाच तो होता हे कळलं. मालक भोंगा न वाजवता गुपचूप गिरणी सुरू करणार, आज तडजोड होणार, उद्या होणार, अशा बातम्या रोज यायच्या. चाळ कान देऊन बसलेली असायची.

अशात मलबार हिलवरचा एक हौशी माणूस माझ्याकडे आला. त्याला गो-कार्ट हवी होती. जमिनीला टेकेल इतकी बुटकी गाडी, छप्पर नाही, दारं नाहीत, लोखंडी नळ्यांचा सांगाडा, चार छोटी चाकं आणि चालकाच्या पाठीशी मोटरसायकलचं इंजिन. सांगाड्यासाठी मी रे रोडच्या भंगारवाल्यांकडे गेलो.

"जहाज का पाइप है सेठ, असली माल," एक जण म्हणाला.

"इतना जंग? फिर जहाज डूबा कैसे नहीं?"

तो हसला, आणि हसलेला दुकानदार माझ्या हातून सुटत नाही. नळ्या मी माझ्या भावात आणल्या. अपघातात चेपलेल्या एका मोटरसायकलचं इंजिन काढून घासूनपुसून बसवलं.

वहिनी पाण्याला जाताना गाळ्यात डोकावली.

"ही गाडी जाता खंय?"

"गोल फिरते आणि जिथून निघाली तिथेच येते."

"मगे निघता कित्याक?"

दादा मात्र काही विचारायचा नाही. कधी येऊन उलट्या डब्यावर बसायचा, साखळीकडे बघत राहायचा. मी त्याला म्हटलं होतं, "दादा, माझ्याकडे काम कर. हात रिकामे कशाला ठेवतोस?"

तो म्हणाला, "मी गिरणीचो माणूस. संपावर आसंय, बेकार नाय."

मला ते लागलं. माझं काम म्हणजे काम नाही का?

इंजिन पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा चाळीतल्या बायका कठड्यावरून ओरडल्या. घराघरात चूल विझलेली आणि ह्याची फटफट! भांडण मलाही करता येतं, पण धंद्यात डोकं वापरावं लागतं. मी धुराची नळी लांब करून मागच्या गटारात सोडली, वर ओली गोणपाटं टाकली. आवाज पार बसला. मग चाचणीसाठी सकाळची वेळ निवडली, सगळे नळावर असतात ती, गिरणीच्या पहिल्या पाळीची. मागची चाकं विटांवर उचलली आणि गाडी नाचू नये म्हणून सांगाडा गाळ्यातल्या मधल्या सागवानी खांबाला तारेच्या दोराने करकचून आवळला. वरचे सगळे मजले त्याच खांबावर उभे होते. तेव्हा मला ते फक्त भक्कम वाटलं.

इंजिन छान चालत होतं. मी वेग हळूहळू वाढवत होतो. तेवढ्यात वहिनी जिन्यावरून धावतच उतरली. तोंडभर हसू, डोळ्यांत पाणी.

"भांडी वाजली मां रे! गिरण चालू झाली! हे गेले!"

मी इंजिन बंद केलं. वहिनीने मान वर करून ऐकलं. वरची किणकिण थांबली होती. मग तिने माझ्या हाताकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावला.

मी धावलो. दादा खाकी शर्ट घालून, डबा हातात घेऊन गिरणीच्या छोट्या दरवाजावर थाप मारत होता. दरवानाने फट उघडून विचारलं, "कामावर आलास?" आणि नाक्यावर बसलेल्या संपकऱ्यांनी ते पाहिलं. त्या दिवसांत काही लोक फुटून आत जायला लागले होते. दादा मागे वळला, म्हणाला, "माका वाटला तडजोड झाली." नाक्यावरच्यांनी पाठ फिरवली.

त्याला कोणी मारलं नाही, शिवी दिली नाही. संध्याकाळी चाळीच्या भजनात पखवाज दादा वाजवायचा. त्या संध्याकाळी दुसरा कोणी बसला होता. दादा दारातूनच फिरला आणि वर गेला.

माझं डोकं फिरलं. शेजारच्या खोलीतले काका संपाच्या समितीत होते. मी त्यांच्या दारात जाऊन ओरडलो, "माझ्या इंजिनाने भांडी वाजली. दादा फुटला नाही!"

"तुझी फटफटी म्हणजे काय गिरणी रे?" ते म्हणाले, आणि मागची माणसं हसली.

"उद्या सकाळी या वर. दाखवतो."

दादा एवढंच म्हणाला, "नको." मी ऐकलं नाही. आयुष्यात प्रत्येक सौदा मी माल समोर ठेवून जिंकला होता.

सकाळी मी काकांना आणि इतर गिरणीवाल्यांना दादाच्या खोलीत उभं केलं. खाली येऊन इंजिन सुरू केलं, वेग आदल्या दिवशीइतका आणला, वेगाचा खटका तारेने बांधून ठेवला आणि वर गेलो. ताटं किणकिणत होती. अगदी तशीच. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. एकाने तळहात भिंतीला लावून धरला होता. काका फळीकडे बघत म्हणाले, "बंद कर रे. पटलं."

दादा भिंतीकडे तोंड करून बसला होता. सगळे गेल्यावर मी म्हटलं, "बघ, झालं की नाही?"

"गद्दार समजत होते, तां बरा होता," तो म्हणाला. "गद्दाराचो माणसांक राग तरी येता. आता माझी कीव करतले."

तसंच झालं. पखवाज परत त्याच्यासमोर ठेवला गेला. काका स्वतः बोलवायला आले, नको इतकं गोड बोलले. जिन्यावर तो दिसला की माणसं बाजूला सरून वाट द्यायची, आजाऱ्याला देतात तशी. भांडी वाजली म्हणून डबा घेऊन निघालेला माणूस. दादा भजनाला गेला नाही. गणपतीच्या आधी गावी गेला तो परत आलाच नाही. मागून वहिनीही गेली.

गो-कार्ट झाली, गिऱ्हाईक खूश झालं, त्याच्या तोंडून आणखी लोक आले. माझा धंदा त्याच गाडीने उभा राहिला. चाळीत कोणी मला दोष दिला नाही. दिला असता तर मी भांडलो असतो.

बऱ्याच वर्षांनी गावी गेलो तेव्हा दादा अंगणात सुपाऱ्या सोलत होता. गिरण्यांचं काय झालं ते सगळ्यांनाच माहीत होतं, म्हणून तो विषय निघाला नाही. निघताना मात्र मला राहवलं नाही. "दादा, मी तुझं नाव साफ केलं होतं. तू एका शब्दाने कधी बरं म्हणाला नाहीस."

"होय, केलंस," तो म्हणाला. हातातली सुपारी सोलून झाल्यावर म्हणाला, "तेव्हा माझा ऐकलं असतंस, तर मी अजून थंयच रवलंय असतंय."

एसटीच्या थांब्यापर्यंत मी मनात त्याच्याशी भांडत गेलो. तिथे राहून तू काय केलं असतंस? गिरणी कुठे आहे? चाळ तरी कुठे आहे? माझे सगळे मुद्दे बिनतोड होते. गाडी यायला उशीर होता, म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून भांडलो. दर वेळी मीच जिंकत होतो.