पेलाभर कॉफीसाठी नाशिक

नाशिकला लोक गोदावरीत बुडी मारायला जातात, काळ्या रामाचं दर्शन घ्यायला जातात. मी गेले ती कॉफीचा फिल्टर घडवून आणायला. माटुंग्याच्या आमच्या चाळीत ही बातमी फुटली तेव्हा बायकांनी नाकं मुरडली ती मुरडलीच. मुरडोत बापड्या! ज्या कुणाला घरी चांगली कॉफी करून प्यायची हौस आहे, तिने माझा हा प्रवास जरूर वाचावा आणि जमल्यास करावा. मात्र मी केलेली एक चूक टाळावी. ती पुढे येईलच.

आधी कारण सांगते. आमच्या शेजारी कामाक्षी राहते. तंजावरकडची. तिच्या घरी पितळी फिल्टर आहे: एकावर एक बसणारे दोन डबे, वरच्याच्या बुडाला बारीक भोकं. वरच्या डब्यात कॉफीची पूड घालून कढत पाणी ओतायचं आणि गप्प बसायचं. थेंब थेंब करत काळाभोर अर्क खाली उतरतो, तो कढत दुधात घालायचा. बस्स. उकळायचं नाही, ढवळायचं नाही. लग्न होऊन मी इथे आले तेव्हापासून रोज दुपारी तिच्या उंबऱ्याशी बसून मी ही कॉफी पीत आले आहे. पण कामाक्षी माझ्या घरी कधीही, चुकूनसुद्धा, घोटभर काही प्यायली नाही. परक्या चुलीवरचं घ्यायचं नाही, ही तिच्या सासरची शिस्त. एकदा मी सरळच विचारलं, तर हसून म्हणाली, "वत्सला, तुझ्याकडे कॉफी कुठे असते? जायफळाचा काढा असतो."

"आणि खरी कॉफी केली तर?"

"मग बघू."

आता तिच्या यजमानांची बदली त्रिचनापल्लीला झाली. पुढच्या आठवड्यात बिऱ्हाड हलणार. मला रडू आलं, आणि रडून झाल्यावर राग आला. इतक्या वर्षांची मैत्रीण माझ्या घरचा एक पेला न पिता जाणार? ते 'मग बघू' नुसतं तोंडदेखलं होतं की खरं, हे मला कळलंच पाहिजे होतं. आमच्या घरची भांडी तिला चालणार नाहीत, तेव्हा कोरा करकरीत, कुणी न वापरलेला फिल्टर हवा. मद्रासहून मागवायला वेळ नाही. मग पितळेचं भांडं घडवायचं ते नाशिकलाच, ह्यात विचार तो काय करायचा?

"एका भांड्यासाठी नाशिक?" आमच्या ह्यांनी विचारलं. हे पक्के चहाबाज.

"तुम्ही चला तरी. देवदर्शन होईल, द्राक्षं मिळतील."

द्राक्षं म्हटल्यावर हे तयार झाले.

दादरहून सकाळची गाडी पकडली. तिसऱ्या वर्गाने जाणार असाल तर खिडकीच्या डाव्या-उजव्याचा घोळ घालू नका, कसाऱ्याच्या घाटात दोन्हीकडे बघण्यासारखं आहे. बोगदा आला की पोरं ओरडतात, मोठी माणसं पिशव्या पोटाशी धरतात. इगतपुरीला विजेचं इंजिन सोडून कोळशाचं जोडतात, त्यात चांगला वेळ जातो. तिथे ह्यांनी चहा घेतला आणि मला खिजवत म्हणाले, "बघ, मागितला की मिळाला. भांडं घडवावं लागलं नाही." मी घरून आणलेली दशमी खाल्ली आणि घोटीकडची भातखाचरं बघत बसले. पीक निघून गेलेलं, नुसते बांध उरलेले. पण हवा अशी गार की शाल पांघरावी लागली. माघात जाल तर शाल विसरू नका.

नाशिकरोडहून गावात यायला मोटार मिळते. ती भरेपर्यंत मात्र हलत नाही. घाई असेल तर टांगा करावा. टांगेवाला आठ आणे म्हणाला, सहावर आला. माझे मामेभाऊ नाना रविवार पेठेत राहतात, वकिली करतात. पाय धुऊन होतात न होतात तोच म्हणाले, "वत्सले, बैस. तुला आज खरी कॉफी पाजतो."

म्हणजे इथेही खरी! देवळालीच्या छावणीतला कुणी साहेब विलायतेला परत गेला, त्याच्या लिलावातून नानांनी एक उंच किटली उचलली आहे. तिच्या पोटात नळी, झाकणावर काचेची गोटी. खाली जाळ लावला की पाणी नळीतून वर उडतं, पुडीवर पडतं, परत खाली येतं, पुन्हा वर. काचेत सगळं दिसतं. नाना त्या गोटीकडे डोळे लावून बसतात. "रंग बघ, रंग! आला की काढायची." रंग छान आला. चव मात्र म्हणजे पाणीच पाणी. मी तोंडावर सांगितलं.

"तुला कळत नाही," नाना म्हणाले.

"मला कळतं म्हणूनच सांगते आहे."

वहिनी पदराआड हसत होत्या. त्यांची तऱ्हा तिसरी. पातेल्यात दूध, साखर, पूड, सगळं एकदम घालून खळखळ उकळायचं, वर जायफळ किसायचं, फडक्यातून गाळायचं. ही कॉफी कामाक्षी काहीही म्हणो, थंडीत पोटाला फार बरी वाटते. वहिनींचा तर सिद्धान्तच आहे की कॉफी देवाने उपासासाठी केली. मी म्हटलं, आमच्या माटुंग्याच्या पुडीत चिकोरी नावाचं एक मूळ भाजून घालतात, ते कसं चालेल? क्षणभर विचार करून म्हणाल्या, "मूळच ना? मग रताळ्यासारखं. चालेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी रामकुंडावर जाऊन आलो आणि तडक तांबट आळी गाठली. आळी शोधावी लागत नाही, कानच नेतात. ठोक ठोक ठोक, दोन्ही बाजूंनी. बोलायचं तर ओरडून. गणपत तांबट म्हणून एक जाडजूड मिशांचे गृहस्थ हंड्याचा गळा ठोकत बसले होते. मी हातवारे करून सगळं समजावलं: वरचा डबा, खालचा डबा, भोकं, पूड दाबायची दांडीची चकती, झाकण.

"पुरणयंत्र हाय म्हना की," गणपतराव म्हणाले.

"पुरणयंत्र नव्हे हो! भोकं बारीक हवीत. सुईच्या टोकाएवढी."

"येवढ्या भोकातनं पुरन कसं पडायचं, बाई?"

"पुरण पाडायचंच नाही!"

शेजारच्या दुकानातले ठोकेसुद्धा थांबले. हे दूर उभे राहून आपण ह्या बाईबरोबर नाही असं दाखवत होते. शेवटी मी पिशवीतली पूड काढून गणपतरावांच्या तळव्यावर घातली. त्यांनी ती नाकाशी नेली, चिमूटभर जिभेवर टाकली आणि तोंड वेडंवाकडं केलं. "ह्यासाठी ममईहून आला व्हय? लयच कडू." पण गडी हट्टाला पेटला. संध्याकाळपर्यंत त्यांनी असा सुबक फिल्टर घडवला, असा सुबक, की मी तो पदराने पुसत राहिले. डबा डब्यावर टच्च बसला. भोकं आतून ठोकून काढलेली, एकसारखी. किंमत ठरली त्याहून चार आणे मी आपणहून जास्त दिले. तुम्ही द्यायलाच हवेत असं नाही, पण मला राहवलं नाही.

आता चूक. घरी आल्यावर वहिनींनी फिल्टर हातात घेतला आणि म्हणाल्या, "अगो, कल्हई कुठे आहे? बिनकल्हईच्या पितळेत काहीही घातलं की कळकतं. दूध ओतलंस की संपलं." बरोबरच होतं. आपल्या घरांत बिनकल्हईचं पितळ चुलीकडे फिरकूही देत नाहीत. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कळकलेली कॉफी कामाक्षीला द्यायची? शक्यच नाही. सकाळी गल्लीत उस्मानचाचा कल्हईवाले आले तेव्हा मीच पुढे झाले. भाता फरफरला, नवसागराचा धूर उठला, कापसाच्या बोळ्याने त्यांनी कथील असं फिरवलं की आतून रुपं चमकावं तशी चमक आली.

"बूड सोडू का, बाई?" त्यांनी विचारलं.

"बूड कशाला सोडता? बुडालाच तर कॉफी बसणार. चांगली दोन हात लावा."

लावली. मी ऐटीत फिल्टर घरात आणला, पूड घातली, कढत पाणी ओतलं आणि सगळ्यांना म्हटलं, आता गप्प बसा. बसले. बराच वेळ बसले. नानांनी वरचा डबा उचलून खाली पाहिलं. खालचा डबा कोरडा ठणठणीत. एक थेंब नाही. सगळ्या भोकांत कथील भरून बूड गुळगुळीत झालं होतं.

"वत्सले," नाना म्हणाले, "हा फिल्टर नाही. हा गडू आहे." आणि इतके हसले, इतके हसले, की त्यांची साहेबाची किटली चुलीवर उतू गेली तरी त्यांना कळलं नाही.

मला हसू येईना. दुपारी आमची गाडी. गणपतरावांकडे धावत गेले तर आळी चिडीचूप, अमावास्या म्हणून सगळ्या भट्ट्या बंद. उस्मानचाचा कुठल्या गल्लीत गेले कुणाला ठाऊक. मी परत येऊन ओट्यावर बसले आणि घळाघळा रडले. फिल्टरसाठी नाही. कामाक्षी जाणार आणि मी रिकाम्या हाताने तिला निरोप देणार, ह्यासाठी.

हे उठले. आत जाऊन वहिनींकडून गोधडी शिवायची दाभण आणि सांडशी मागून आणली, अंगणातल्या शेगडीशी बसले. दाभण तापवायची, भोकाच्या जागी टेकवायची, कथील विरघळलं की पलीकडून फुंकर मारायची. एक भोक. पुन्हा तापवायची. धोतरावर ठिणगी उडाली, बोटाला चटका बसला, "हात् तुझ्या!" म्हणून झालं, पण माणूस उठला नाही. मी म्हटलं, "अहो, राहू द्या आता, गाडी जाईल."

"संध्याकाळची आहे ना दुसरी? आणि हे बघ, तुझ्या त्या कामाक्षीबाईंच्या घरून रोज दुपारी तू हसत येतेस. ते मी बघतो."

लग्नानंतर ह्यांच्या तोंडून इतकं लांब वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. चहा मागायचंही विसरले होते. काय सांगू, त्या माणसावर मी त्या दिवशी पुन्हा भाळले.

तेव्हा नाशिकला फिल्टर घडवायला जाल तर कल्हईवाल्याला नीट सांगा: बाजूंना लावा, बुडाला हात लावू नका. आणि परतीची गाडी शक्यतो दुपारची ठेवू नका. दोन शेर द्राक्षं घ्या, पण पाटी मांडीवर ठेवा. आमची अर्धी बाकाखाली चेंगरली.

घरी आल्यावर चाळीच्या अंगणात नवी चूल मांडून नवी हंडी चढवली, नवं पाणी, सोवळं नेसून. दूध थेट गवळ्याकडून कोऱ्या लोट्यात. बुंददाणे, म्हणजे कॉफीच्या बिया, तव्यावर स्वतः भाजले, शेजारच्या घरी मुद्दाम धूर जाईल असे. मग त्यांची पूड केली आणि चिंचेने घासून कढत पाण्यातून काढलेला फिल्टर लावला. पहिला थेंब पडायला वेळ लागला आणि तेवढ्यात माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण पडला. टप्. मग दुसरा.

कामाक्षी आली ती दारातच उभी राहिली. घरात सामान बांधायचं सोडून आली होती, कपाळावर धूळ. तिने फिल्टर बघितला, माझ्याकडे बघितलं, ह्यांच्या बोटाच्या चिंधीकडे बघितलं. मग आत येऊन पाटावर बसली. ह्या घरात ती बसली होती पुष्कळदा, पण पाटावर कधी नव्हे.

मी पेला पुढे केला. तिने तो वर धरला, ओठाला न लावता धार तोंडात सोडली. एक घोट. दुसरा. तिने सगळा पेला रिकामा केला, खाली ठेवला.

"पूड फार दाबलीस," ती म्हणाली. "अर्क कडू झाला. आणि दूध जास्त तापवलंस, साय आली. अय्यो वत्सला, इतकी वर्षं माझ्याकडे बसून काय बघत होतीस?"

माझा चेहरा पडला. मी काही बोलणार तोच ती उठली, पदर कमरेला खोचला आणि सरळ माझ्या स्वयंपाकघरात शिरली. चुलीपाशी बसली. आतूनच ओरडली, "साखरेचा डबा कुठे ठेवतेस तू?"

मी जागची हलले नाही. मला ती हाक आणखी एकदा ऐकायची होती.