रथातली मुलगी

२००५ च्या उन्हाळ्यात आई शिकागोला आमच्याकडे आली होती. परतायचे दिवस जवळ आले तसा तिचा एकच धोशा सुरू झाला, "माझ्याबरोबर चल." चार वर्षं मी पुण्याला गेले नव्हते. गेले तर व्हिसाचा नवा शिक्का घ्यावा लागणार, आणि तो अडकला की नवरा इकडे नि मी तिकडे. माझं उत्तर ठरलेलं असायचं, "बघू गं, स्टॅम्पिंगचं टेन्शन आहे."

डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांतली भाजी आणि देऊळ झाल्यावर आईला न्यायला जागा उरली नव्हती, म्हणून म्युझियममध्ये नेलं. साडी, माझं जुनं जॅकेट आणि पायात स्नीकर्स. जुन्या फ्रेंच चित्रांच्या दालनात शिरताच ती थबकली. भिंतभर ग्रीक देवदेवता, आणि अंगावर म्हणावं असं काही नाही.

"फ्रान्समध्ये थंडी नसते का गं?" तिनं विचारलं.

मग एका चित्रापुढे तिचा चेहरा उजळला. उधळलेले काळे घोडे, रथ, सावळा दांडगा पुरुष, त्याच्या हातात गोरी मुलगी आणि मागे सांडलेली फुलं.

"रुक्मिणीहरण," आई म्हणाली आणि बूट काढायला वाकली. मी दंड धरून तिला सरळ केलं, पण हात जोडायचे ते तिनं जोडलेच. वर रुक्मिणीनं स्वतःच कृष्णाला कसं बोलावून घेतलं, तेही रंगवून सांगायला लागली. काय सुंदर सांगायची ती! मी गप्प बसायचं, तर चित्राशेजारची पाटी वाचली.

"आई, ही रुक्मिणी नव्हे. हा पाताळाचा राजा आहे. ही धान्याच्या देवीची मुलगी. फुलं तोडत होती, यानं पळवली."

"तिनं बोलावलं नव्हतं?"

"नाही."

आईचे जोडलेले हात खाली आले. "मग हिच्या आईनं काय केलं?"

ठाऊक होतं तेवढं सांगितलं. आई रानोमाळ शोधत हिंडली, जगात धान्य उगवेना, शेवटी देवांनी तडजोड केली. वर्षातले काही महिने मुलगी आईकडे.

"दरवर्षी?"

"दरवर्षी."

आई समोरच्या बाकावर बसली. मग म्हणाली, "पाताळातूनसुद्धा येऊ देतात."

घरी गेल्यावर नवऱ्याला सांगितलं, "माझंही तिकीट बुक कर." तो आधी "रिस्क आहे यार" म्हणाला, पण त्यानं केलं.

शिक्का अडकायचा तो अडकलाच. कागद तपासणीत गेले आणि तीन आठवड्यांसाठी गेलेली मी तीन महिने आईकडे राहिले. नवरा फोनवर वैतागायचा. मीही वैतागल्यासारखं बोलायचे, आणि फोन ठेवला की आईबरोबर मटार सोलायला बसायचे. इतकी निवांत मी नंतर कधीच नव्हते. आता आई नाही, म्हणून ते दिवस फार आठवतात.

शिक्का मारलेला पासपोर्ट आला, त्या सकाळी मी तो आईला दाखवला. तिनं पदराला हात पुसले, तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "एवढ्यात झालं?"