दोन भोकांचा पैसा

नाणे पाहण्याआधी केशवराव गुप्ते ते आणणाऱ्याची बोटे पाहत.

"चिंचेनं घासलंत ना?"

"हो, तुम्हाला दाखवायचं म्हणून लखलखीत केलं."

"मग मी काय बघू? पुरावा धुऊन आणलात."

सर्व्हे खात्यातून निवृत्त झालेले केशवराव ठाण्यात टेंभी नाक्याजवळ राहत आणि रविवारी लोकांची जुनी नाणी फुकट तपासत. विचित्र नाणे टांकसाळीतच तसे पडले की नंतर कुणी ठोकले, एवढाच प्रश्न असे. पहिले दुर्मीळ, दुसरे नुसते खराब. येणाऱ्याला पहिले उत्तर हवे असे. केशवराव बहुधा दुसरे देत, तेही महिनाभर खेटे घालायला लावून.

दुसरे महायुद्ध संपून पाच-सहा वर्षे झाली होती. कल्याणच्या बाजारात मला सुट्ट्या नाण्यांत लढाईच्या काळातला भोकाचा पैसा मिळाला. मधल्या भोकाशेजारी दुसरे बारीक भोक होते. मी एका दैनिकात उपसंपादक होतो. मला त्यात बातमी दिसली. केशवरावांनी तो तीन महिने ठेवून घेतला. विचारले की म्हणत, "घाई तुमच्या छापखान्याला आहे, पैशाला नाही."

अखेर निकाल मिळाला. "नंतर पाडलेल्या भोकाच्या कडेला धार राहते. ही कड गुळगुळीत आहे. चूक टांकसाळीची. माझं नाव घालून छापा." मी छापले.

पंधरवड्याने, मी तिथे असतानाच, दिव्याहून सुकी मासळी विकायला येणाऱ्या जनाबाईला त्यांनी तो पैसा कौतुकाने दाखवला. ती हसली.

"यो त करगोट्याचा पैसा, काका. आमचे गावान पोरांचे कमरंला बांधतान. एके भोकान बांधला क उलटतं, पोराला टोचतं. दोन भोकान ओवला क बटनासारखा बसतं."

"मग कड गुळगुळीत कशी?"

"दोन वरसं दोरा घासतं. गुलगुलीत नाय व्हनार त काय?"

केशवरावांनी भिंग घेतले. दोरा घासतो त्या बाजूची कड जास्त झिजली होती. समोरच्या बाजूला बारीक धार शिल्लक होती. तीन महिन्यांत ती त्यांना दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते दुरुस्ती लिहून घेऊन आमच्या कचेरीत हजर. "चूक ज्या पानावर, दुरुस्ती त्याच पानावर. टाइपही तेवढाच."

"अहो, एका पैशासाठी? वाचक विसरलेसुद्धा," मी म्हणालो.

"मग त्यांना आठवण करून द्या."

संपादकांनी साफ नकार दिला. मग केशवरावांनी घरीच सुरू केले. दारात आलेल्या प्रत्येकाला, त्याने नाणे काढण्यापूर्वी, ते सांगत, "मी चुकीचा निकाल दिला आहे. तो पेपरात आला, दुरुस्ती आली नाही. तरी दाखवायचं आहे?" असे करू नका, हे सांगून सांगून मी थकलो. लोक खिशातला हात खिशातच ठेवून परत जात. वर्षभरात रविवारी त्यांच्याकडे कुणी येईनासे झाले. चार वर्षांनी ते वारले.

त्यांनी लिहून आणलेला मजकूर माझ्याकडे आहे. शब्द न बदलता देतो:

"कल्याण येथे मिळालेल्या पैशाचे दुसरे भोक टांकसाळीत पडलेले नाही. ते नंतर पाडलेले आहे. पाहण्यात चूक झाली ती माझी. — के. गुप्ते, ठाणे."