वांग्यांची हजेरी घेणाऱ्या बाई

आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंइतका माणसांवर विश्वास ठेवणारा आणि भाजीवर संशय घेणारा प्राणी अख्ख्या मुळशी तालुक्यात दुसरा नसेल. निवृत्त शिक्षिका, पण नोकरी सुटली तरी मास्तरकी सुटली नव्हती. पिरंगुटहून बस पकडून त्या कासार आंबोलीच्या शाळेत पोरांना भाजी लावायला शिकवायला जात. पिशवीतून खुरप्याचे टोक डोकावत असे, त्यामुळे भरल्या बसमध्येही त्यांना ऐसपैस जागा मिळे. शाळेत वांग्यांच्या रोपांची चक्क हजेरी होई. एकदा एक मुलगी गंभीरपणे म्हणाली, "बाई, कडंचं वांगं गैरहजर हाय. शेळीनं खाल्लं." बाईंनी वर्गाकडून कुंपण घालून घेतले आणि शेळीवाल्याच्या घरी उरलेली वांगी पाठवली. "तिला चव लागलीय, तुमालाबी लागू द्या!"

हाच उद्योग त्यांनी आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या जागेत आणला. प्रत्येक घराला एक वाफा आणि नियम एकच: आपले पीक शेजाऱ्याला द्यायचे, शेजाऱ्याचे आपण खायचे. मी मूळचा लातूरकडचा. शेती आमच्या रक्तात आहे, असे आयटीतल्या मित्रांना सांगत असे. वाफ्याने माझे रक्त तपासले. तसे काही आढळले नाही. पालक मी पाणी घालून घालून बुडवला, मेथी तण समजून उपटली आणि तण मनोभावे वाढवून त्याला कोथिंबीर म्हणालो. नियमाप्रमाणे माझा शेजारी उपाशी राहिला आणि मी त्याचे टोमॅटो खाल्ले. बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "ह्या मातीनं तुझं काय वाकडं केलंय रं?"

पुढे सोसायटीने तिथे गाड्या लावायचे ठरवले. बागेची बाजू मांडायला मी पुढे झालो, कारण मला प्रेझेंटेशन करता येते. माझे आलेख पाहून बागेच्या बाजूचे लोकही पेंगू लागले. अखेर बाई उठल्या. "लावा की गाड्या. पर पोरं भेंडी तोडाया येत्यात, ती कुटं जायची? गाडीला भेंडी लागती का?" सगळे हसले आणि अर्धी जागा वाचली. गेलेल्या अर्ध्यात माझा वाफा होता. एकाही सभासदाने हळहळ व्यक्त केली नाही.

तरी मी रोज सकाळी बाईंच्या बादल्या वाहायला जात राहिलो. यंदा त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि मुलगा त्यांना नाशिकला घेऊन गेला. निघताना त्यांनी आपला वाफा माझ्या हवाली केला. मी हबकलो. "बाई, मी सगळं मारून टाकीन!"

"मारशील," त्या शांतपणे म्हणाल्या. "पर तू रोज येतुयास. बाकीचे निस्ते तोडाया येत्यात."

शाळेत आता मोठ्या पोरी धाकट्यांना शिकवतात. बाई मला फोन करतात. माझी खुशाली विचारत नाहीत. मिरचीला फूल आले का, दोडक्याला मांडव केला का, एवढेच. परवा सगळे विचारून झाले, तरी त्यांनी फोन ठेवला नाही.

"हितं बाल्कनीत ऊनच येत न्हाई रं," म्हणाल्या.

मी मिरचीबद्दलच बोलत राहिलो, पानन् पान सांगत. आणि त्या मध्ये एकदाही न टोकता ऐकत राहिल्या.